रहस्यकादंबरी : कथानकरचना

‘गुन्हेगार कोण’ या प्रश्नाची उकल हाच ज्या कादंबरीचा गाभा असतो, तिच्या कथानकाची बांधणी. अशा कादंबरीत वस्तुतः दोन कथा असतात : एक गुन्ह्याची व दुसरी त्याच्या शोधाची. पहिली आधी घडलेली असूनही वाचकाला ती शेवटी कळते. म्हणून लेखकाला उकलीपासून आरंभाकडे, उलट दिशेने रचना करावी लागते. शेवट निश्चित झाल्याखेरीज लेखनास हात घालू नये, असे एडगर ॲलन पो याने १८४६ मधील एका निबंधात प्रतिपादिले होते. आधुनिक हेरकथेचा आरंभही त्याच्याच १८४१ मधील ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ या कथेपासून मानतात.

गुन्ह्याचे मिनिटामिनिटाचे वेळापत्रक लेखकापाशी तयार हवे. त्यातील दुवे वाचकापुढे उघड ठेवावयाचे, पण त्यांचे महत्त्व जाणवू द्यावयाचे नाही, हे या रचनेतील सर्वांत अवघड काम होय. ॲगाथा ख्रिस्ती हिच्या द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड (१९२६) मध्ये निवेदक डॉ. शेपर्ड हाच खुनी आहे. नऊला वीस मिनिटे असताना टपाल आले व दहा मिनिटे असताना आपण निघालो, असे तो सांगतो; मधल्या दहा मिनिटांत काय झाले, ते सांगत नाही. पुढे साडेनऊला ॲक्रॉइडचा आवाज ऐकू येतो, तो डिक्टाफोनचा असतो. ते यंत्र दारातून दिसू नये म्हणून एक खुर्ची पुढे ओढलेली असते. खुर्ची हलल्याचे बटलर सांगतोही. वाचक मात्र ती बाब क्षुल्लक समजतो. इतर संशयितही काहीतरी लपवितात, पण प्रत्येकाचे कारण वेगळे व त्याच्यापुरते खरे असते. चकव्यांसाठी निर्हेतुक खोटे बोलणारी पात्रे योजणे हा दुबळ्या लेखकाचा मार्ग होय.

निवेदकाचे हे मौन काहींना फसवणूक वाटले. डॉरोथी सेयर्स हिने मात्र, सर्वांवर संशय घेणे हे वाचकाचेच काम, अशी बाजू घेतली. रॉनल्ड नॉक्स याने १९२९ मध्ये दहा नियम सांगितले. त्यांतील पहिल्यानुसार गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या प्रारंभीच यावयास हवा. मात्र ज्याचे विचार वाचकाला कळत आले आहेत, असा तो नसावा. नियमांचा सूर काहीसा विनोदी असला, तरी ही अट रास्त आहे आणि ख्रिस्तीची कादंबरी तिच्या अगदी काठावर उभी आहे.

मराठीत बाबूराव अर्नाळकरांच्या विपुल रहस्यकथांनी मोठा वाचकवर्ग निर्माण केला. त्यांच्या झुंजार, काळापहाड यांसारख्या नायकांच्या कथांत मात्र दुव्यांच्या मांडणीपेक्षा साहसाला अधिक वाव आहे.