ट्रकच्या केबिनला एसी आला, पण गाडी उभी असताना काय?

व्हॅनलाइफचे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये येत असतील. लाकडी फळ्या लावलेली व्हॅन, खिडकीत कुंडी, छपरावर सोलर, समोर डोंगर. आपल्या राज्य सरकारनेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. मीही मध्यंतरी दोन महिने जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन असं काही करायचे हिशोब मांडत होतो. तेव्हा मामा म्हणाला, "काहून रे बाबू, मी बावीस वर्षं काय करून राहिलो?"

मामा ट्रक चालवतो. बारा चाकी. महिन्यातले पंचवीस दिवस त्याचं घर म्हणजे ती केबिन. आम्ही राहतो वाडीला, नागपूरला चिकटून अमरावती रोडवर. पूर्वीचा एनएच ६, आताचा एनएच ५३, इथूनच जातो. ट्रान्सपोर्टची ऑफिसं आणि गोदामं हीच वाडीची ओळख. खडगाव रोडला रात्री चक्कर मारा, माल उतरायची किंवा परतीच्या भाड्याची वाट पाहणाऱ्या गाड्यांची रांग दिसेल. प्रत्येक केबिनमध्ये एखाददोन माणसं झोपलेली.

यंदा होळीनंतर मामाची गाडी चार रात्री इथे अडकली. घर जवळ असूनही तो गाडीतच झोपला, कारण माल भरलेला होता आणि डिझेल चोरीला जातं. त्यातल्या दोन रात्री मी त्याच्यासोबत काढल्या. हा लेख त्यातून आला.

मागे एकदा कोंढाळीच्या अलीकडे पहाटे मामाचा दोन सेकंद डोळा लागला होता आणि गाडी दुभाजकाला घासली होती. कुणाला लागलं नाही. त्या आधीच्या रात्री तो गरमीने दीड तास झोपला होता. त्यामुळे "केबिन थंड कशी ठेवायची" हा आमच्या घरी चैनीचा प्रश्न नाही.

कायद्यातला एसी आणि झोपेतला एसी

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली. त्यानुसार एन२ आणि एन३ गटातल्या, म्हणजे साडेतीन टनांवरच्या नव्या ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. अंमल २०२५ पासून. निर्णय चांगलाच आहे. पण हा एसी कारच्या एसीसारखा चालतो: कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन बंद, एसी बंद. म्हणजे ड्रायव्हर कामावर असताना गारवा आणि झोपायला गेला की भट्टी. (मामाची गाडी २०१९ ची, त्यामुळे त्याच्याकडे तोही नाही.)

मग इंजिन चालू ठेवून झोपावं? बरेच जण झोपतात. मोठं डिझेल इंजिन उभ्याउभ्या तासाला साधारण दोन लिटर पितं. आठ तासांचे सोळा लिटर, लिटरला नव्वद रुपये धरा, चौदाशे रुपयांची झोप झाली. मालक डिझेलचा हिशोब किलोमीटरवर मागतो, तेव्हा हे पैसे ड्रायव्हरच्या खिशातून जातात. शिवाय धूर. शेजारी-शेजारी गाड्या लावलेल्या असतात आणि एकाच्या सायलेन्सरचं तोंड दुसऱ्याच्या खिडकीकडे असतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याच कारणाने बंद केबिनमध्ये पाच किलोच्या सिलिंडरवर चहासुद्धा करू नका. मामा शेगडी खाली उतरवतो, पाऊस असला तरी.

केबिन रात्रीही गरम का?

मी ईएसपी३२ बोर्डाला डीएचटी२२ सेन्सर जोडून दोन डब्या केल्या. एक बर्थवर, एक आरशाच्या दांडीला. मार्चअखेरची रात्र. दहा वाजता बाहेर ३० अंश, आत ३७. दोन्ही आकडे जवळ यायला रात्रीचे अडीच वाजले.

पत्रा तर लवकर थंड होतो, मग ही गरमी कुठून? खालून. आपल्याकडच्या बहुतेक ट्रकची केबिन इंजिनाच्या डोक्यावर असते. कित्येकशे किलोचं लोखंड, कूलंट ऐंशी-नव्वद अंशांवर. गाडी बंद केल्यावर ही उष्णता कुठेतरी जाणारच, आणि वरच तुमची गादी आहे. दिवसा उलट बाजूने मार बसतो. दुपारच्या उन्हात दर चौरस मीटरला नऊशे वॉटच्या आसपास ऊर्जा पडते. समोरची काच दोन चौरस मीटर धरली आणि ऊन सरळ आलं, तर जवळजवळ एक गिझर सुरू असल्यासारखं. म्हणून उभी गाडी शक्यतो उत्तरेकडे तोंड करून लावायची आणि काचेवर बाहेरून काहीतरी टाकायचं. आतून पडदा लावला तर ऊन आत येऊन चुकलेलं असतं. मामा जुन्या ताडपत्रीचा तुकडा टाकतो. फुकटचा उपाय आहे आणि सगळ्यात जास्त फायदा त्यानेच होतो.

बॅटरीचा हिशोब

आता आपल्या आवडीचा भाग. ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट करतात. १५० अँपिअर-अवरच्या बॅटऱ्या असतील तर २४ गुणिले १५० म्हणजे ३,६०० वॉट-अवर. घरच्या बिलाच्या भाषेत ३.६ युनिट. ऐकायला भरपूर वाटतं, पण या बॅटऱ्या इंजिन सुरू करण्यासाठी बनवलेल्या असतात: काही सेकंद प्रचंड करंट द्यायचा आणि लगेच भरून घ्यायचं. रात्रभर हळूहळू रिकाम्या करायला लागलात तर त्या लवकर मरतात, आणि सकाळी सेल्फ मारायला काही उरत नाही. एक तृतीयांश वापरा म्हणजे झालं. राहिले १.२ युनिट.

बाजारात बॅटरीवर चालणारे पार्किंग एसी मिळतात. सरासरी पाचशे वॉट धरले तर आठ तासांना चार युनिट. आपल्याकडे एक पूर्णांक दोन. अडीच तासांच्या आत खेळ खल्लास.

माझी पहिल्या रात्रीची चूक इथेच झाली. एसी नव्हता, पण मी इन्व्हर्टर लावून घरचा टेबलफॅन, लॅपटॉप आणि सेन्सर सगळं चालवलं. पंखा लहान, म्हणून हिशोब केलाच नाही. इन्व्हर्टर चोवीसचे दोनशे तीस व्होल्ट करताना वाटेत खातो आणि काही न चालवताही थोडं खातच राहतो, हे मी कॉलेजात शिकलो होतो. सकाळी सेल्फने नुसता टकटक आवाज केला. शेजारच्या गाडीवरून जम्पर लावून सुरू करावी लागली. तो ड्रायव्हर हसत होता. मामा हसला नाही, कारण गोदामात गाडी लावायचा त्याचा नंबर तोवर पुढे गेला होता. माझ्या पंख्यापायी त्याची अर्धी पाळी गेली.

यातून दोन गोष्टी पक्क्या करा. एक, इन्व्हर्टर टाळा; २४ व्होल्टचा डीसी पंखा पंधरा-वीस वॉटमध्ये रात्रभर चालतो, म्हणजे फार तर ०.१६ युनिट. दोन, लो-व्होल्टेज कटऑफ लावा. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की तो जोडलेली उपकरणं बंद करतो आणि सेल्फपुरती वीज राखतो.

पार्किंग एसीच हवा असेल तर वेगळी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी लागेल. २५.६ व्होल्ट, २०० अँपिअर-अवर म्हणजे पाच युनिटची. त्यातले चार बिनधास्त वापरता येतात. पण ती थेट अल्टरनेटरला जोडू नका. लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर हवाच. एक किलोवॉटचा चार्जर असेल तर चार-पाच तास गाडी चालली की भरते. आणखी एक विदर्भातली अडचण: या बॅटऱ्यांची चार्जिंगची मर्यादा बहुधा ४५ अंशांच्या आसपास असते. एप्रिलच्या दुपारी सीटखालच्या बंद पेटीत ती ओलांडली जाते आणि बॅटरीतलं सर्किट चार्जिंग थांबवतं. बॅटरी बिघडली असं समजून लोक दुकानात जातात. एसी, बॅटरी, चार्जर मिळून खर्च लाखाच्या वर सहज जातो. मामाने आकडा ऐकला आणि म्हणाला, "तुले मशीन समजते, मले हप्ता समजते."

मग कूलर

होळी झाली की नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतात. स्टँड धुवायचं, जुनं गवत फेकून नवं वुडवूल भरायचं, खिडकीत बसवायचा. आम्हाला यात तंत्रज्ञान दिसतच नाही इतकी सवय आहे. पण आकडे बघा.

एक लिटर पाणी वाफ होताना हवेतून साधारण ०.६७ युनिट उष्णता ओढून घेतं. म्हणजे दहा लिटरची कॅन ही जवळपास सात युनिटची "थंडीची बॅटरी" आहे. तिला चार्ज करावं लागत नाही, फक्त भरावं लागते. विजेचं काम उरतं पंखा आणि छोटा पंप फिरवण्याचं. साठ वॉट धरा, आठ तासांचं अर्धं युनिट. हे ट्रकच्या मूळ बॅटऱ्यांना परवडतं.

हवा किती थंड होईल हे तिच्या कोरडेपणावर ठरतं. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून पंख्यासमोर धरा. जिथे पारा थांबेल ती कूलरची शेवटची मर्यादा. बाहेर ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर हा आकडा २२ च्या आसपास येतो. रात्री २८ अंश आणि ३० टक्क्यांना सुमारे १७. म्हणून आमच्या वसंतात, पळस फुललेला असताना आणि हवा करकरीत कोरडी असताना, कूलर एसीच्या तोडीस तोड वागतो. स्पेन आणि अर्जेंटिनातल्या कंपन्या ट्रकच्या छपरावर बसणारे असे कूलर कित्येक वर्षं विकताहेत.

दुसऱ्या रात्री आम्ही वीस लिटरच्या प्लॅस्टिक पेटीत तो बनवला: डीसी पंखा, मत्स्यालयात वापरतात तसला छोटा पंप, वाळ्याची ताटी. पेटी बाहेरून खिडकीला अडकवली, उरलेल्या फटीला जाळी लावली. हे महत्त्वाचं, कारण कूलरला बाहेरची कोरडी हवा आत आणि आतली दमट हवा बाहेर जायला वाट लागते. पेटी केबिनच्या आत ठेवून काचा बंद केल्या तर अर्ध्या तासात न्हाणीघर होतं. समोरच्या बाजूची काच चार बोटं उघडी ठेवली. दहा वाजता सुरू केला, अकराला बर्थवर २७ अंश. सकाळपर्यंत साधारण नऊ लिटर पाणी गेलं. मामा सलग सहा तास झोपला. मला जाग आली ती त्याच्या घोरण्याने.

पंपांवर ड्रायव्हरांसाठी "अपना घर" नावाची विश्रांतीगृहं होताहेत. खाटा, आंघोळीची सोय, स्वयंपाकाला जागा असते. जिथे आहेत तिथे जरूर वापरा. पण माल भरलेली गाडी सोडून जायला मामा तयार होत नाही.

चौथ्या दिवशी माल उतरला आणि त्याला कोलकात्याचं भाडं लागलं. पेटी घेऊन गेला. रायपूरपर्यंत खूश होता. पुढे खरगपूरहून रात्री अकराला फोन आला, "बाबू, इथं तुहं पाणी चालत नाही. गादी ओली झाली." तिकडे रात्री २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असली तर फडक्याचा पारा २५ वर अडतो, दोन अंशांचा फरक, आणि वर दमटपणा. मी त्याला पंप काढून ठेवायला आणि नुसता पंखा लावायला सांगितलं. आता त्या पेटीला पंपासाठी वेगळं बटण बसवायचं आहे. तो परत येईल तेव्हा कटऑफही लावून देणार आहे.