तबकडीवर न छापलेलं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दर रविवारी सकाळी आम्ही सहा-सात जण एकाच्या घरी जमतो. सगळे सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. एक निवृत्त शिक्षक, एक पोस्टातले, एकाचं सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलेलं, मी बँकेत कारकुनी केलेला. संगीतातलं शिक्षण म्हणाल तर कुणाचंच नाही. एक जण भजनी मंडळात पेटी वाजवतात, तेवढीच काय ती आमची विद्या. चहा होतो, मग रेकॉर्ड लागते आणि रेकॉर्ड संपली की भांडण सुरू होतं.

परवाचंच सांगतो. आमच्यातल्या एकाला जुन्या बाजारात एक तवा मिळाला. ७८च्या रेकॉर्डला आमच्याकडे तवाच म्हणायचे. लेबल निम्मं वाळवीनं खाल्लेलं. लावला, तर ‘ममता’मधलं ‘रहें ना रहें हम’, पण द्वंद्वगीत. रफीसाहेब सगळ्यांनी ओळखले. बाईचा आवाज? चौघं म्हणाले, लताबाई, त्यात काय विचारायचं! शिक्षक मात्र शांतपणे म्हणाले, “सुमन कल्याणपूर.” भज्यांची पैज लागली आणि चौघं हरले.

१९६६च्या ‘ममता’त संगीतकार रोशन यांनी ही चाल दोनदा वापरली आहे. एकदा लताबाईंच्या एकटीच्या आवाजात आणि दुसऱ्यांदा रफी आणि सुमनताईंच्या आवाजात. आवाजातला फरक कान देऊन शिकायचा असेल तर याहून चांगला धडा नाही, कारण चाल तीच आहे, फक्त गळा वेगळा. पण शिक्षकांनी कानावर विसंबून उत्तर दिलं नव्हतं. त्यांना मागची गोष्ट माहीत होती. गायकांना रॉयल्टी मिळावी की नाही यावरून लताबाई आणि रफी यांच्यात मतभेद झाले आणि साठच्या दशकाच्या मध्यावर काही वर्षं दोघं एकत्र गायलेच नाहीत. संगीतकारांना द्वंद्वगीतं तर हवी होती, त्यातली बरीचशी सुमनताईंकडे गेली. १९६५चा ‘जब जब फूल खिले’ घ्या. त्यात लताबाई आहेत, रफी आहेत, पण ‘ना ना करते प्यार’ हे रफींबरोबरचं गाणं सुमनताईंचं आहे. ‘ब्रह्मचारी’तलं ‘आजकल तेरे मेरे प्यार के चर्चे’ही त्यांचंच. ही गाणी वरातीच्या बँडवर पन्नास वर्षं वाजली, पण त्यांच्यामागची बाई कोण हे वरातीतल्या किती जणांना ठाऊक असेल? २०२३ साली सुमनताईंना पद्मभूषण मिळालं तेव्हा आमच्या गल्लीतल्या एकानं मला विचारलं, “या काय करतात?” त्याच्या मोबाइलची घंटी म्हणजे सुमनताईंचंच गाणं होतं!

तबकडीवर काय छापलेलं असतं? गाण्याची पहिली ओळ, चित्रपटाचं नाव, गायक, संगीतकार, बहुधा कवी आणि एक क्रमांक. एवढंच. आणि हे एवढंही दर वेळी भरवशाचं नसतं. ‘महल’ची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९४९ साली त्या चित्रपटातलं ‘आयेगा आनेवाला’ निघालं तेव्हा तबकडीवर गायिकेच्या जागी ‘कामिनी’ असं छापलं होतं. कामिनी हे पडद्यावरच्या पात्राचं नाव. गाणारी कोण म्हणून श्रोत्यांनी रेडिओला विचारलं आणि मग लता मंगेशकर हे नाव सांगितलं गेलं. म्हणजे त्या नावासाठी आधी श्रोत्यांना पत्रं लिहावी लागली!

दुसरा घोळ लग्नाचा. १९५१च्या ‘ढोलक’ या हिंदी चित्रपटातली गाणी सुलोचना कदम यांनी गायली आहेत. आणि १९६४च्या ‘सवाल माझा ऐका’मधली लावणी? सुलोचना चव्हाण. बाई एकच! माहेरच्या नावानं हिंदी गायल्या आणि सासरच्या नावानं लावणीसम्राज्ञी झाल्या. आमच्यातल्या एकाच्या कपाटात त्यांच्या तबकड्या कित्येक वर्षं दोन वेगळ्या खणांत होत्या.

लेबल गेलं म्हणून रेकॉर्ड मुकी होत नाही. लेबल आणि खाचा यांच्यामध्ये जी मोकळी काळी पट्टी असते ती उजेडात तिरकी धरून बघा. तिथं एक आकडा दाबलेला दिसेल. त्याला मॅट्रिक्स नंबर म्हणतात. तो प्रत्येक बाजूचा स्वतंत्र असतो. तोच आकडा दुसऱ्या कुणाकडे धड लेबल असलेल्या तबकडीवर असेल तर काम झालं. अगदी तोच नसला आणि जवळपासचा सापडला, तरी निदान काळ कळतो. पण ही गंमत एकट्याला करता येत नाही. तुमच्या चारशे रेकॉर्डी आणि माझ्या दोनशे एकत्र ठेवल्या तरच आकडे बोलायला लागतात. जमून बसायचं खरं कारण हे आहे, चहा-भजी हे निमित्त.

आता एक कबुली. सुरुवातीच्या दिवसांत मी एक तवा कापसावर स्पिरिट घेऊन पुसला. चकचकीत होईल असं वाटलं होतं. कापूस काळा झाला आणि गाणं कापसावर आलं! ७८ची रेकॉर्ड लाखेची असते, झाडावरच्या किड्यांपासून मिळते ती आपली लाख. आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार पॉलिश करतात ते याच तत्त्वावर. नंतरच्या ४५ आणि ३३च्या रेकॉर्डी व्हिनाइलच्या, त्यांची गोष्ट वेगळी. घरात जुना तवा असेल तर मऊ कोरड्या कापडानं खाचेच्या दिशेनं पुसा, फार तर किंचित ओल्या फडक्यानं, लेबल कोरडं ठेवून. आणि एलपीच्या सुईवर तो लावू नका. ७८ची खाच जवळजवळ तिप्पट रुंद असते, बारीक सुई तिच्या तळाला घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येते.

हे लाखेचे तवे आपल्याकडे फार काळ टिकले. विलायतेत ते १९६०च्या सुमारास बंद झाले, भारतात १९७०च्या आसपासपर्यंत निघत राहिले. कारण साधं आहे. गावोगाव वीज नव्हती आणि चावीचा फोनो विजेशिवाय चालतो. त्यातून एक अजब प्रकार झाला. बीटल्स हा इंग्लंडचा साठच्या दशकातला सगळ्यात गाजलेला पॉप चमू. त्यांच्या देशात त्यांची गाणी छोट्या ४५च्या तबकड्यांवर मिळत होती आणि कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात तीच गाणी लाखेच्या ७८च्या तव्यांवर निघत होती! आज जगभरचे संग्राहक त्या भारतीय तव्यांसाठी मोठ्या रकमा मोजतात. आमच्यापैकी कुणाला अजून एकही मिळालेला नाही. मिळाला तर विकायचा की ठेवायचा यावर भांडण मात्र आत्ताच होऊन गेलं आहे.

तव्याच्या एका बाजूला तीन, फार तर साडेतीन मिनिटं मिळायची. त्यामुळे चित्रपटातलं एखादं कडवं तबकडीवर नसायचं. १९६०च्या ‘बरसात की रात’मधली बारा मिनिटांची कव्वाली घ्या. ती ७८वर ऐकायची म्हणजे उठून बाजू बदला, पुन्हा चावी द्या, पुन्हा सुई लावा. मग ४५ची ईपी आली, एका बाजूला दोन गाणी आणि हातात मावणारी. मराठी भावगीताला ती फार मानवली. ‘शुक्रतारा’ आधी आकाशवाणीसाठी झालं आणि मग त्याची रेकॉर्ड निघाली. पाडगांवकरांचे शब्द, खळेकाकांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे आवाज. सुधाताईंची मातृभाषा मराठी नाही, हे ऐकून आजही लोक चकित होतात. आणि अरुण दाते पेशानं कापड गिरणीतले इंजिनिअर होते, हे मी सोलापुरात मुद्दाम सांगतो. आमचे यंत्रमागवाले मित्र म्हणतात, “म्हणूनच एवढं तलम गातो.”

तबकडीवर कधीच न छापलेली माणसं निराळीच. गाण्याच्या सुरुवातीला व्हायोलिनचा लोट येतो, मधे सॅक्सोफोन बोलतो, अ‍ॅकॉर्डियन लचकत जातं. हे कोणी वाजवलं? लेबलवर काही नाही. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत वाद्यवृंदाचं संयोजन सेबॅस्टियन डिसूझा करायचे, मूळचे गोव्याचे. प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस हेही गोव्यातल्या माजोर्ड्याचे. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात त्यांचं नाव आलं आणि लोकांना वाटलं ते काल्पनिकच आहे. ग्रेगरी बूथ या संशोधकानं मुंबईतल्या म्हाताऱ्या वादकांना घरोघर गाठून विचारलं, तेव्हा २००८ साली त्यांच्यावर नीट पुस्तक झालं. परदेशी माणसानं ते केलं याचं मला अजून थोडं वाईट वाटतं.

पण आपल्याकडच्या शौकिनांनीही काही कमी केलं नाही. त्याची मुळं रेडिओत आहेत. सरकारी रेडिओवर सिनेसंगीताला जागा नव्हती तेव्हा लोक रेडिओ सिलोनकडे वळले. ३ डिसेंबर १९५२ला अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. आकाशवाणीची विविधभारती आली ती १९५७च्या ऑक्टोबरात. बुधवारी रात्री आठ वाजता आमच्या चाळीत एकाच घरी रेडिओ होता आणि आम्ही पोरं ओट्यावर वह्या घेऊन बसायचो. कुठलं गाणं कितव्या पायरीवर, कोण गायलं, कोणाची चाल. सिलोनचा आवाज लाटेसारखा यायचा-जायचा आणि नेमकं नाव सांगताना खरखर व्हायची. मग सकाळी शाळेत वह्या ताडून बघायच्या. एकाचं सुटलेलं दुसऱ्याच्या वहीत असायचं.

कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी हेच काम अख्ख्या देशासाठी केलं. त्यांचा ‘हिंदी फिल्म गीत कोश’ म्हणजे दशकानुसार केलेले जाडजूड खंड. कुठल्या चित्रपटात कुठली गाणी, कोणी गायली, कोणी लिहिली आणि रेकॉर्डचा क्रमांक काय. १९६१ ते ७०च्या खंडाशिवाय आमची रविवारची बैठक पुढे सरकत नाही. त्यामागे ठिकठिकाणच्या श्रोत्यांनी पोस्टानं कळवलेली माहिती आहे. कुणी एक क्रमांक कळवला, कुणी एक चूक दाखवली.

आपल्याकडे १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ सुरू झाली. डॉ. सुरेश चांदवणकर हे तिचे सचिव, पेशानं भौतिकशास्त्रज्ञ. या मंडळींनी ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक चालवलं. मुंबईबाहेर तुळजापूर, नांदेड आणि आपल्या सोलापुरातही त्यांच्या श्रवणसभा झाल्या. तिकीट नाही, हारतुरे नाहीत. एक जण तबकड्या आणतो, ऐकवतो आणि जेवढं ठाऊक तेवढं सांगतो. ऐकणाऱ्यांतला कोणी तरी उठून त्यात भर घालतो, नाहीतर चूक काढतो.

सोलापूरला अशी भर घालायला जागा भरपूर आहे. भाऊबिजेला घरोघर ‘सोनियाच्या ताटी’ वाजतं. १९५५चा ‘भाऊबीज’ चित्रपट, वसंत पवारांची चाल, आशाताईंचा आवाज. लेबलवर कवीचं नाव फक्त ‘संजीव’. हे संजीव म्हणजे कृष्ण गंगाधर दीक्षित, आपल्या सोलापूरचे. १९९५ साली ते गेले. मी एका कार्यक्रमात हे सांगितलं तेव्हा समोरचे निम्मे लोक एकमेकांकडे बघायला लागले.

आणि सोलापूर एका भाषेचं गाव कुठं आहे? मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, चारही एका गल्लीत ऐकू येतात. ‘सुवर्णसुंदरी’तलं ‘कुहू कुहू बोले कोयलिया’ लावलं की आम्ही माना डोलवायचो. यंत्रमागवाले मित्र म्हणायचे, “आमचं ‘हायी हायिगा’ आधी ऐका.” संगीतकार तेच, आदिनारायण राव, हिंदीत लताबाई आणि रफी, तेलुगूत घंटसाला आणि जिक्की. त्यांच्या घरी तेलुगू बोलायचे, पण शाळा मराठी. तेलुगू गाणं त्यांना पहिल्या सुराला ओळखू यायचं, पण लेबल वाचता येत नसे. मग आवाज ते ओळखायचे आणि अक्षरं गल्लीतल्या औषधाच्या दुकानदाराकडून वाचून आणायचो. एका तबकडीला दोन माणसं लागायची.

गेल्या वर्षी ते गेले. महिन्याभरानं त्यांच्या मुलीनं रेकॉर्डींची पेटी माझ्याकडे आणून दिली. तिला त्यातली गाणी ओळखता येत नाहीत, मलाही नाही. पाकिटं उघडून बघितली तर त्यांनी शिसपेन्सिलीनं, मराठी अक्षरात, तेलुगू गाण्याचे शब्द, गायकाचं नाव आणि कुठल्या सिनेमात हे लिहून ठेवलं होतं. पहिल्या सतरा पाकिटांवर. पुढची तेवीस कोरी आहेत. औषधाच्या दुकानदारानं त्यांची लेबलं वाचून दिली आहेत, पण सहांची लेबलं उडाली आहेत. घरी तेलुगू बोलणारं, साठीतली गाणी ऐकलेलं कुणी असेल, तर रविवारी सकाळी आमच्याकडे या. मशीन लावून ठेवतो.