बुर्जाच्या शेजारचं हॉटेल

दुबईतल्या ‘अॅड्रेस’ हॉटेलांची गोष्ट जमिनीच्या व्यवहारातून सुरू होते. मोहम्मद अलअब्बार यांनी १९९७ साली ‘एमार प्रॉपर्टीज’ ही बांधकाम कंपनी काढली. अमेरिकेत सिअॅटलला शिकून आलेले अलअब्बार दुबई सरकारच्या आर्थिक विकास खात्याचे प्रमुख होते, आणि या कंपनीत सरकारचाही मोठा वाटा होता. २००२ मध्ये दुबईने परदेशी माणसांना ठरावीक भागांत स्वतःच्या मालकीचं घर घ्यायला परवानगी दिली. २००६ च्या कायद्याने त्या परवानगीला पक्कं बूड मिळालं. त्याआधी मुंबईहून किंवा पुण्याहून गेलेला नोकरदार तिथे वीस-वीस वर्षं भाड्याने राही आणि निवृत्त झाला की गाशा गुंडाळून परते. आता त्याच्या हातात विक्रीपत्र येऊ शकत होतं.

एमारने आधी मरिना उभी केली, मग शेख झायेद रस्त्यालगत डाउनटाउनचा आराखडा हाती घेतला. मधोमध जगातली सर्वांत उंच इमारत, पायथ्याशी तलाव आणि कारंजी, बाजूला प्रचंड मॉल आणि या सगळ्याकडे तोंड करून राहत्या घरांचे टॉवर. या इमारतीच्या, म्हणजे बुर्जाच्या, उंचीचा खरा मोबदला त्याच्या आसपासच्या घरांच्या भावात वसूल व्हायचा होता. मात्र त्या घरांना भाव यायचा तर तिथलं राहणं कसं असेल, ते गिऱ्हाइकाला आधीच दिसायला हवं होतं. हे दाखवण्याचं काम हॉटेलकडे आलं.

अॅड्रेसचा पहिला टॉवर २००८ च्या शरद ऋतूत उघडला. ६३ मजले, सुमारे ३०२ मीटर उंची. त्यात हॉटेलच्या खोल्या होत्या १९६ आणि सेवेसकट विकलेल्या सदनिका ६२६. हा ब्रँड कशासाठी जन्माला आला, ते या दोन आकड्यांतून कळतं. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खोल्यांच्या तिपटीहून जास्त घरं एकेका माणसाला विकलेली होती. सदनिका घेणाऱ्याला वाटलं तर तो स्वतः राही, नाहीतर हॉटेलच्या हवाली करी. मग हॉटेल ती पाहुण्यांना देई, आपलं व्यवस्थापन शुल्क कापून घेई आणि उरलेल्यातला वाटा मालकाला मिळे. सर्व्हिस चार्ज मात्र घर रिकामं राहिलं तरी चौरस फुटाच्या हिशेबाने भरावाच लागे. बिल्डरच्या दृष्टीने ही रचना फार सोयीची होती. इमारतीचा पैसा बराचसा विक्रीतून आधीच वसूल होई आणि हॉटेल चालवण्याचं उत्पन्न वर्षानुवर्षं सुरू राही. मंदीचा धोका सदनिकाधारकाच्या वाट्याला जाई.

मंदीही लगेच आली. टॉवर उघडला त्याच सुमारास अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली. वर्षभरात दुबईतल्या घरांचे भाव निम्म्याच्या आसपास कोसळले, क्रेन थांबल्या. २००९ च्या नोव्हेंबरात ‘दुबई वर्ल्ड’ने कर्जफेडीला मुदत मागितली, तेव्हा अबू धाबीला धावून यावं लागलं. ४ जानेवारी २०१० रोजी बुर्जाचं उद्घाटन झालं आणि त्याच रात्री त्याला अबू धाबीच्या शासकांचं नाव मिळालं. या पडत्या काळातही एमारने मॉलला लागून एक आणि मरिनात एक, अशी आणखी दोन अॅड्रेस हॉटेलं २००९ मध्ये सुरू केली. माझ्या मते डाउनटाउन त्या वर्षांत तगलं, त्यात या हॉटेलांचा मोठा हात होता. आजूबाजूचे फ्लॅट अंधारात असताना इथली लॉबी भरलेली होती, जेवणाची टेबलं लागत होती, संध्याकाळी कारंज्याभोवती गर्दी होती. ही वस्ती ओस पडणार नाही, एवढा विश्वास घर घेऊन अडकलेल्या माणसाला तिथून मिळत होता.

एप्रिल २०१० मध्ये बुर्जातच अर्मानी हॉटेल सुरू झालं. तिथे एमारने जॉर्जो अर्मानी यांचं नाव आणि त्यांची नजर उसनी घेतली होती. अॅड्रेस हे नाव एमारने स्वतःच रुजवलं, म्हणून मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

३१ डिसेंबर २०१५ च्या रात्री साडेनऊच्या सुमारास याच पहिल्या टॉवरला आग लागली. बुर्जावरची नववर्षाची आतषबाजी पाहायला खाली अफाट गर्दी जमलेली होती. काही मिनिटांत ज्वाळा बाहेरच्या बाजूने चाळीस-पन्नास मजले चढल्या. पोलिसांच्या तपासात कारण निघालं ते असं की इमारत उजळवण्यासाठी लावलेल्या एका दिव्याच्या तारांमध्ये, चौदाव्या आणि पंधराव्या मजल्यांच्या मध्ये, शॉर्ट सर्किट झालं होतं. एवढ्याशा ठिणगीचा वणवा झाला तो भिंतींवरच्या आवरणामुळे. अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा गाभा असलेले ते पॅनेल होते. गाभा पेटला की वितळून जळत खाली ठिबकतो, आणि पॅनेलमागच्या पोकळीतून आग धुराड्यासारखी वर ओढली जाते. आग मुख्यतः बाहेरून पसरली आणि आतल्या माणसांना जिन्यांनी खाली उतरायला वेळ मिळाला. एक छायाचित्रकार अठ्ठेचाळिसाव्या मजल्यावर अडकला होता. खिडक्या धुण्याच्या दोराला स्वतःला बांधून तो सुटकेची वाट पाहत राहिला. पंधरा-सोळा माणसं जखमी झाली, पण होरपळून कोणाचाही जीव गेला नाही. एवढी मोठी इमारत सणाच्या रात्री रिकामी करणाऱ्या कर्मचाऱ्यांची आणि अग्निशमन दलाची ही कामगिरी थोर होती. तिच्याबद्दल त्या वेळी फार कमी लिहिलं गेलं, याची मला आजही खंत वाटते.

आतषबाजी मात्र ठरल्या वेळी, मध्यरात्री झाली. टॉवर जळत होता आणि शेजारी रोषणाई चालू होती. तो निर्णय मला पटलेला नाही. ज्यांची घरं त्या टॉवरमध्ये होती, त्यांनी ते दृश्य कोणत्या मनाने पाहिलं असेल!

तसलं आवरण दुबईत कितीतरी इमारतींवर होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत मरिनातला ‘टॉर्च’ टॉवर पेटला होता, २०१७ मध्ये तो पुन्हा पेटला. त्या वर्षी जूनमध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ माणसं गेली, तेव्हा या पॅनेलचा धोका जगभर चर्चेत आला. संयुक्त अरब अमिरातीनेही २०१७ मध्ये अग्निसुरक्षेचे नियम अधिक कडक केले. जळालेला टॉवर दुरुस्त होऊन २०१८ च्या मध्याला पुन्हा उघडला.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात जे घडलं, ते या सगळ्या प्रवासातलं सर्वांत मोठं वळण म्हणावं लागेल. एमारने आपली पाच हॉटेलं ‘अबू धाबी नॅशनल हॉटेल्स’ला सुमारे २.२ अब्ज दिरहमला विकली. त्यांत तीन अॅड्रेसची होती. इमारती गेल्या, पण चालवण्याचे दीर्घ मुदतीचे करार एमारकडेच राहिले. पाहुण्याला फरक जाणवला नाही. दारावर पाटी तीच आणि कर्मचाऱ्यांच्या अंगावर गणवेशही तोच. दहा वर्षांपूर्वी घरं विकण्यासाठी काढलेलं नाव आता इमारतीशिवायही कमावू लागलं होतं. पुढे मक्केत दुसऱ्या विकासकाच्या इमारतीवरही ते लागलं.

आपल्याकडच्या बिल्डरांनी उलटी वाट धरली. मुंबईत के. रहेजा कॉर्पची ‘शॅले हॉटेल्स’ किंवा पुण्यातली पंचशील रिअॅल्टी यांनी इमारती आपल्या ठेवल्या आणि पाटीसाठी मॅरियट, रिट्झ-कार्लटन अशी परदेशी नावं आणली. सहारचं जेडब्ल्यू मॅरियट किंवा पुण्याचं रिट्झ-कार्लटन यशस्वी आहे, पण पाहुण्याच्या लक्षात राहतं ते अमेरिकन नाव, आणि त्या नावाचं शुल्क दर वर्षी बाहेर जातं. स्वतःचं नाव रुजवायला जी चिकाटी लागते, ती एमारने मंदीतही दाखवली. मुंबई-पुण्याकडे भांडवल होतं आणि हॉटेल चालवणारी उत्तम माणसंही होती, म्हणून हे मनाला लागतं.

दुबईत घर घेणाऱ्या परदेशी लोकांत भारतीय वर्षानुवर्षं अगदी वरच्या क्रमांकात आहेत आणि त्यांत मराठी कुटुंबंही आहेत. अॅड्रेसच्या नावाची सदनिका घेणाऱ्याला आज तीन वेगळ्या गोष्टी तपासाव्या लागतात. घर कोणी बांधलं, हॉटेलचा भाग कोणाच्या मालकीचा आहे आणि तो चालवण्याचा करार कोणाकडे, किती वर्षांचा आहे. २००८ साली या तिन्ही प्रश्नांना एमार हे एकच उत्तर होतं.