उजेडाकडे तोंड करून

फोटो काढताना सूर्य पाठीशी घ्यावा, हा धडा लग्नाच्या फोटोग्राफरपासून घरातल्या काकांपर्यंत सगळेच देतात. थंडीत कोल्हापूरकडे गेलात, तर एखाद्या गुऱ्हाळात तो खुशाल विसरा आणि कॅमेरा सरळ उजेडाकडे धरा.

गुऱ्हाळात दोन गोष्टी वर चढत असतात. चुलवणात चिपाड जळतं त्याचा धूर आणि काहिलीत रस रटरटतो त्याची वाफ. लांबून दोन्ही सारखीच दिसतात. पण जरा निरखून बघा. धुराची विरळ वेटोळी काजळलेल्या भिंतीपुढून जाताना निळसर दिसतात आणि तीच वर जाऊन आकाशापुढे आली की तपकिरी होतात! धूर तोच, बदलते ती फक्त मागची बाजू. धुराचे बारीक कण प्रकाशातला निळा भाग जास्त विखुरतात. मागे काळोख असला की हा विखुरलेला निळाच तेवढा डोळ्यांपर्यंत पोचतो. मागे उजेड असला की निळा वजा होऊन उरलेला तांबूस प्रकाश येतो. धुराचा हा निळेपणा लिओनार्दो दा विंचीनं पाचशे वर्षांपूर्वी आपल्या वहीत टिपून ठेवला होता. त्यामागचं गणित मांडायला १८७१ साल आणि रॅले हा शास्त्रज्ञ यावा लागला.

वाफेचं तंत्र वेगळं. खरी वाफ दिसतच नाही. दिसतात ते ती गार झाल्यावर बनलेले पाण्याचे थेंब. ते धुराच्या कणांपेक्षा बरेच मोठे असल्यानं सगळे रंग सारखेच उधळतात, म्हणून लोट पांढराशुभ्र. सकाळच्या गारठ्यात तो अधिक दाट होतो, दुपारी विरतो.

आता उजेडाकडे तोंड का? तर हे थेंब आणि जाडसर कण प्रकाश चहूकडे सारखा फेकत नाहीत. बराचसा प्रकाश वाट किंचित वाकवून पुढेच जातो. सूर्य पाठीशी असेल तर लोट फिका, मरगळलेला दिसतो. सूर्य समोर असेल तर तोच लखलखतो. पत्र्याच्या फटीतून आलेला कवडसा धुरातच कडेपासून कडेपर्यंत दिसतो, तो हे कण थोडा प्रकाश आपल्या डोळ्यांकडे वळवतात म्हणून.

इथे एक पेच पडतो, आणि मला सगळ्यात मौज त्याचीच वाटते. लखलखता लोट उठून दिसायला मागे अंधार हवा. माणसाची काळी आकृती उठून दिसायला मागे उजेड हवा. दोन्ही एका चौकटीत कसं जमायचं? लोटालाच पडदा करायचा. मागून उजळलेली वाफ, तिच्या अलीकडे काहिलीतली मळी काढणारा गुळव्या, आणि त्याच्या अलीकडे आपण. त्याचा हात अंगापासून सुटा दिसेल त्या क्षणाला बटण दाबायचं. हात अंगाला चिकटला की फोटोत माणसाऐवजी नुसता ठोकळा उरतो.

आपल्या डोळ्यांना त्या झगमगाटातही गुळव्याचा चेहरा दिसतो, कारण नजर एकाच दृश्यात उजेड-अंधार दोन्ही सांभाळून घेते. कॅमेऱ्याला एक काहीतरी निवडावं लागतं. मोबाइलवर लोटाच्या उजळ भागावर बोट ठेवा आणि उजेड खाली ओढा. एचडीआर बंद करता आलं तर कराच. ते अंधार उजळायला धावतं आणि आकृतीचा सगळा ठसका घालवतं. कॅमेरा असेल तर फोकस माणसाच्या कडेवर धरा, नुसत्या धुरात लेन्स चाचपडत राहते. शटर १/५०० ठेवलंत तर वेटोळी गोठतात, १/१५ला त्यांचा पिंजलेला कापूस होतो. मला पहिलं आवडतं.

धुराच्या नळकांड्या पेटवून असे फोटो ‘घडवणारे’ पर्यटकही असतात. त्यांचा धूर रंगीत असतो, फोटो मात्र बेचव.

हंगाम साधारण दिवाळीनंतर भरात येतो. उन्हं तिरपी असतानाच पोचा, काहिलीपासून चार हात लांब राहा आणि कॅमेरा बाहेर काढण्याआधी गुळव्याला विचारा. तो धूर त्याच्या डोळ्यांत दिवसभर जातो; आपण तासाभराचे पाहुणे.