बंगळुरूहून युगांडाला जाण्याचे मार्ग

युगांडाला समुद्रकिनारा नाही. त्यामुळे बंगळुरूहून तेथे जाणाऱ्या प्रवाशाला थेट विमानानेच देशात उतरायचे, की केनियापर्यंत विमानाने जाऊन पुढे रस्ता धरायचा, हे आधी ठरवावे लागते.

बंगळुरू ते अदिस अबाबा ही इथिओपियन एअरलाइन्सची थेट सेवा ऑक्टोबर २०१९ मध्ये सुरू झाली. अदिस अबाबा येथे विमान बदलून एंटेबी गाठता येते. तेथून राजधानी कंपाला सुमारे ४० किलोमीटरवर आहे.

दुसरा मार्ग नैरोबीचा. नैरोबीहून रात्री सुटणाऱ्या बसगाड्या बुसिया किंवा मलाबा येथे सीमा ओलांडून कंपालाला पोहोचतात. तिकीट स्वस्त असले, तरी बारा तासांहून अधिक प्रवास आणि केनियाची प्रवेश-परवानगी हिशेबात धरावी लागते.

याच दिशेने मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला. त्यासाठी सुमारे ३२ हजार भारतीय मजूर नेण्यात आले होते. त्यांपैकी सुमारे अडीच हजार तेथेच मृत्युमुखी पडले. आज मात्र नैरोबी-कंपाला थेट प्रवासी रेल्वेगाडी नाही.

मार्ग कोणताही असो, पीतज्वराची लस अनिवार्य आहे. प्रमाणपत्र लसीनंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि नंतर आयुष्यभर चालते. त्यामुळे तिकिटाची तारीख ठरवण्यापूर्वीच अधिकृत लसीकरण केंद्रात नाव नोंदवणे श्रेयस्कर. प्रमाणपत्र नसल्यास युगांडात प्रवेश नाकारला जाऊ शकतो. परतीच्या वेळी भारतीय विमानतळावरही प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाते.