विश्लेषण : मुर्ध्याच्या पलीकडची टेकडी आणि वसईची मोहीम… धारावी किल्ला का जपायला हवा?

भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेरून उत्तनची बस पकडली की थोड्याच वेळात उंच इमारती मागे पडतात. मिठागरे, खारफुटी आणि मग मुर्धा, राई, मोर्वा ही आगरी वस्तीची जुनी गावे लागतात. त्यापुढे रस्ता चढू लागतो आणि डोंगरीची टेकडी सुरू होते. इथून उत्तन, पाली, चौकपर्यंतचा हा सारा परिसर म्हणजे जुन्या कागदपत्रांतले धारावी बेट. मुंबईतल्या धारावीशी त्याचा संबंध नाही. मेट्रोच्या कारशेडमुळे ही टेकडी गेली काही वर्षे बातम्यांत आहे. त्या निमित्ताने तिचा इतिहास आणि आजचे प्रश्न समजून घेऊ.

धारावीचे स्थान महत्त्वाचे का?

उल्हास नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे वसईची खाडी आहे. खाडीच्या उत्तर काठावर वसईचा किल्ला आणि दक्षिण काठावर, त्याच्या समोर, चौकची टेकडी. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने 1534 मध्ये तह करून वसई पोर्तुगिजांना दिली. पुढे दोनशे वर्षे वसई हे पोर्तुगिजांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे होते. वसईला रसद येई ती समुद्रातून, याच खाडीच्या तोंडाने. म्हणजे चौकच्या टेकडीवर ज्याच्या तोफा, त्याची नजर वसईच्या रसदेवर.

चिमाजी अप्पांच्या मोहिमेत काय घडले?

1737 मध्ये मराठ्यांनी साष्टीत मुसंडी मारली. ठाणे आणि घोडबंदर त्याच वर्षी हाती आले, पण वसई पडेना. तीन बाजूंनी पाणी आणि दलदल असलेला तो कोट केवळ जमिनीवरून वेढून भागण्यासारखे नव्हते. खाडीचे तोंड बंद करायचे तर धारावी हवीच होती. हे दोन्ही पक्ष जाणून होते, म्हणून या ठाण्याचा ताबा एकापेक्षा अधिक वेळा बदलला. अखेर मार्च 1739 मध्ये धारावी मराठ्यांकडे आली आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी, मे 1739 मध्ये वसईने शरणागती पत्करली. वसईच्या विजयाच्या गोष्टीत सुरुंग आणि तटावरची झुंज आठवते; समोरच्या काठावरची ही टेकडी मात्र बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

टेकडीचा दगड वेगळा कसा?

मुंबई-ठाणे परिसर म्हटला की काळा बेसाल्ट डोळ्यांपुढे येतो. मनोरी, गोराई, उत्तन, डोंगरी या पट्ट्यात मात्र ट्रॅकाइट नावाचा फिकट रंगाचा ज्वालामुखीय खडक आढळतो. दख्खनच्या पठारावरील लाव्हाचा मुख्य उद्रेक साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हा खडक त्यानंतरचा, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी तिच्या दगडी खांबांसाठी प्रसिद्ध आहे. उत्तनच्या बाजूलाही लाव्हा थिजून झालेले असे खांब दिसतात, फक्त त्यांना तेवढी प्रसिद्धी मिळाली नाही.

पाहण्यासारखे काय आहे?

किल्ला म्हणून भव्य तटबुरूज पाहायला जाणाऱ्याची निराशा होईल. चौकला उरले आहेत ते अवशेष आणि चिमाजी अप्पांचे स्मारक. पण तिथे उभे राहून खाडीपलीकडे वसईकडे पाहिले की मोहिमेचा नकाशा आपोआप उलगडतो. शेजारीच तारोडीचे धारावी देवीचे मंदिर आहे आणि डोंगरीला बेथलेहेम मातेचे जुने चर्च. आगरी, कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती अशा तिन्ही समाजांच्या वस्त्या या टेकडीभोवती आहेत. उत्तन-पालीच्या किनाऱ्यावर बांबूंच्या वलांडीवर वाळत घातलेले बोंबील हे इथले रोजचे दृश्य. फेब्रुवारी 2024 पासून वसई-भाईंदर रो-रो सेवा सुरू झाल्याने वसईचा किल्ला आणि धारावी एकाच दिवसात पाहणे सोपे झाले आहे.

आता प्रश्न काय आहे?

मेट्रो 9 ची कारशेड आधी मुर्धा-राई-मोर्वा भागात प्रस्तावित होती. घरे आणि जमिनी जाणार म्हणून गावकऱ्यांनी विरोध केला आणि कारशेड डोंगरीला हलवण्याचे ठरले. तिथे 11 हजारांहून अधिक झाडे तोडावी लागणार असल्याचे समोर आल्यावर विरोधाचे केंद्रही डोंगरीकडे सरकले. उत्तनच्या धावगी डोंगरावर शहराचा घनकचरा प्रकल्प आधीपासून आहेच. शहराला मेट्रो हवी आणि कचरा टाकायला जागाही हवी, हे खरे. पण शहराची प्रत्येक गरज याच टेकडीने का भागवायची, हा स्थानिकांचा सवाल आहे.

जगात अशा ठिकाणांचे काय होते?

इटलीतील सिविता दी बान्योरेज्जो हे अडीच हजार वर्षांहून जुने गाव ठिसूळ खडकाच्या टेकडीवर वसले आहे. टेकडी झिजत गेली, 1695 च्या भूकंपानंतर लोक पांगले. आज तिथे कायम राहणारे मोजकेच उरले आहेत आणि जायचे तर पादचारी पुलावरून चालत जावे लागते. 2013 पासून तिथे प्रवेशासाठी तिकीट आहे आणि पर्यटन हाच गावाचा मुख्य आधार बनला आहे.

तिथली टेकडी निसर्ग झिजवतो आहे, तिला थांबवणे माणसाच्या हातात फारसे नाही. धारावी बेटाची गोष्ट उलट आहे. इथली गावे गजबजलेली आहेत, मासेमारी चालू आहे, देवळात आणि चर्चमध्ये गर्दी आहे. इथे जे जाईल ते आपल्याच निर्णयाने जाईल. किल्ल्याच्या अवशेषांची नीट नोंद, दगडी खांबांना संरक्षण, चौकला मोहीम समजावणारा एक नकाशाफलक आणि उरलेल्या झाडीची हमी एवढ्याला फार मोठा खर्च येत नाही. कारशेडची जागा बदलता येते, हे मुर्ध्याने दाखवून दिले आहे. टेकडी मात्र दुसरीकडे हलवता येत नाही.