‘ऑफिशियली’ म्हणजे नेमकं काय?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

कोपरगावच्या एस.टी. स्टँडवर सकाळी जरा वेळ उभे राहा. गाडी लागली की कंडक्टर पुकारतो, ‘नगर, नगर!’ गाडीच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो, पुकारा ‘नगर’चाच. आपल्या जिल्ह्याचं नाव ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. कचेऱ्यांचे कागद बदलले, शिक्के बदलले. लोक अहमदनगर असतानाही नगरच म्हणत होते आणि आजही नगरच म्हणतात.

त्या सुमारास माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीनं विचारलं, ‘सर, हे इंग्रजीत लिहायचं तर ‘ऑफिशियली रिनेम्ड’ लिहू, ‘फॉर्मली रिनेम्ड’ लिहू की ‘लीगली रिनेम्ड’?’ मी म्हटलं, ‘ऑफिशियली लिही.’ तिनं लिहिलं आणि मग मान वर करून म्हणाली, ‘पण का?’ चाळीस वर्षं इंग्रजी शिकवली, तरी या ‘पण का’चं उत्तर चटकन देता आलं नाही. ‘तसं म्हणतात,’ एवढंच सांगून मी वेळ मारून नेली. आज जे सांगणार आहे, ते त्या मुलीला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे.

आधी आपल्या मराठीकडे पाहू. आपण ‘रीतसर अर्ज’ करतो, ‘विधिवत पूजा’ करतो. माणूस मागे ठेवून जातो तो ‘कायदेशीर वारस’. आता जागा बदलून पाहा. विधिवत अर्ज, कायदेशीर पूजा, रीतसर वारस! व्याकरणाची चूक एकही नाही, पण ऐकताच हसू येतं. हे आपल्याला कोणत्या शाळेत शिकवलं? कुठल्याच नाही. माणसांना जशी संगत असते, तशी शब्दांनाही असते. अर्जाला रीत लागते, देवाला विधी लागतो, वारसाला कायदा लागतो. इंग्रजी शब्दांचंही असंच आहे. फरक इतकाच, की ती संगत आपल्याला पाळण्यातून मिळालेली नाही. ती समजून घ्यावी लागते.

समजून घ्यायची सोपी युक्ती अशी. असा शब्द आला की विचारायचं, ही गोष्ट कोणत्या दारातून आत आली?

‘ऑफिशियली’चं दार कचेरीचं. अधिकार असलेल्या कोणीतरी ती गोष्ट सांगितली, नोंदवली किंवा मान्य केली. म्हणून या शब्दाला सांगण्या-नोंदवण्याची क्रियापदं आवडतात. अनाउन्स, डिक्लेअर, कन्फर्म, रेकग्नाइज, ओपन आणि अर्थात रिनेम. ‘द ब्रिज वॉज ऑफिशियली ओपन्ड’ हे वाक्य घ्या. नवा पूल तयार होतो, लोक बाजूचे पिंप सारून दोन महिने त्यावरून मोटारसायकली नेतात आणि मग एक दिवस फीत कापली जाते. त्या दिवशी पूल ‘ऑफिशियली’ उघडतो. म्हणजे या शब्दाच्या पोटात दुसरी एक कुजबुज असते, की प्रत्यक्षात कदाचित वेगळं असेल. ‘ऑफिशियली क्लोज्ड’ असं लिहिलेलं असलं, की मागचं दार ठोठावून बघावं असं वाटतं ते याचमुळे.

आणि हे कचेरीचं दार ज्याच्यासाठी उघडलं, तेवढंच आत येतं. १९९५ मध्ये शहराचं इंग्रजी नाव बॉम्बेचं मुंबई झालं, पण उच्च न्यायालयाचं इंग्रजी नाव आजही ‘बॉम्बे हायकोर्ट’च आहे. शहराचं नाव बदललं म्हणून कोर्टाचं आपोआप बदलत नाही.

आम्हा पेन्शनरांना तर हा शब्द दर नोव्हेंबरात भेटतो. हयातीचा दाखला द्यायचा असतो. स्वतःच्या पायांनी चालत गेलं तरी कागद झाल्याशिवाय आपण ‘ऑफिशियली अलाइव्ह’ नाही!

‘फॉर्मली’चं दार वेगळं. फॉर्म म्हणजे रीत, ठरलेला आकार. जी कृती ठरलेल्या रीतीनं, चारचौघांसमोर किंवा लेखी करायची असते, तिच्यापुढे ‘फॉर्मली’ येतो. इन्व्हाइट, रिक्वेस्ट, अपॉलोजाइज, कम्प्लेन, हँड ओव्हर. रस्त्यात भेटून ‘लग्नाला यायचं बरं का’ म्हटलं, ते आमंत्रण झालं. पत्रिका आणि अक्षता घेऊन घरी आले, म्हणजे ‘फॉर्मली इन्व्हाइट’ केलं. आपला ‘रीतसर’ याच्या सगळ्यात जवळचा. पोलिसांनी एखाद्याला पकडलं, म्हणजे तो ‘फॉर्मली चार्ज्ड’ झाला असं नाही. आपल्याकडे आरोप न्यायालय निश्चित करतं. बातमी लिहिताना ही गल्लत झाली, तर एखाद्याच्या अब्रूवर बेतू शकतं.

इथे जागेचीही गंमत आहे. ‘ही फॉर्मली थँक्ड देम’ यात फॉर्मली आधी आहे, अर्थ ‘रीतसर आभार मानले’. पण ‘ही स्पोक फॉर्मली’ म्हटलं की अर्थ होतो, तो अवघडून, औपचारिक भाषेत बोलला. अशा शब्दांत क्रियापदाच्या आधीची जागा बहुतेक वेळा कृतीचा दर्जा सांगते, नंतरची तिची ढब.

याच रीतीच्या घरातला एक धाकटा भाऊ आहे, ‘ड्यूली’. ‘ड्यूली फिल्ड फॉर्म’, ‘ड्यूली साइन्ड’, ‘ड्यूली इलेक्टेड’. यथायोग्य, काही न गाळता. कचेरीबाहेर तो फारसा दिसत नाही.

तिसरं दार ‘लीगली’चं. याची दोस्ती क्रियापदांपेक्षा विशेषणांशी जास्त. बाइंडिंग, एन्टायटल्ड, रिस्पॉन्सिबल, व्हॅलिड, मॅरिड. ही सगळी बंधनाची नाहीतर हक्काची विशेषणं आहेत, हे लक्षात घ्या. आणि विशेषणापाशी याचा अर्थ बदलतो. ‘लीगली बॉट’ म्हणजे कायदेशीर मार्गानं विकत घेतलेलं. पण ‘लीगली ब्लाइंड’ म्हणजे कायदेशीर मार्गानं आंधळा झालेला नव्हे. कायद्यानं अंधत्वाची जी व्याख्या केली आहे, तीत बसणारा. त्याला थोडं दिसतही असेल. क्रियापदापाशी हा शब्द मार्ग सांगतो, विशेषणापाशी तो व्याख्या सांगतो. मराठीत ‘कायदेशीर मार्गानं घेतलेलं’ आणि ‘कायद्यानं सज्ञान’ असा फरक आपण सहज करतोच.

राहिले दोघे. ‘टेक्निकली’ म्हणजे नियमाच्या अक्षरावर बोट ठेवून. तो वाक्याच्या सुरुवातीला आला, की मागून ‘पण’ येणार हे धरून चाला. ‘नॉमिनली’ म्हणजे नावापुरतं. नॉमिनली इंडिपेंडंट, नॉमिनली इन चार्ज. तो आला, की खरी सत्ता दुसऱ्याच्या हातात आहे असं समजा.

या शब्दांत किती अंतर पडू शकतं, याचं एक मजेदार उदाहरण अमेरिकेत घडलं. तिथे आयात भाज्यांवर जकात होती, फळांवर नव्हती. टोमॅटो आणणाऱ्या व्यापाऱ्यांनी दावा केला, की वनस्पतिशास्त्रानुसार टोमॅटो फळ आहे, जकात परत करा. १८९३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की लोक टोमॅटो जेवणात भाजी म्हणून खातात, तेव्हा जकातीपुरती ती भाजीच. म्हणजे ‘टेक्निकली’ फळ, पण ‘लीगली’ भाजी. टोमॅटो तोच!

पण इतक्या लांब जायलाच नको. आपल्या कोपरगावात गोदावरीकाठी राघोबादादांचा वाडा आहे. रघुनाथराव पेशवे होते का, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. कोणतं क्रियाविशेषण वापरता, त्यावर उत्तर ठरतं.

१७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला. त्यानंतर साताऱ्याच्या छत्रपतींकडून रघुनाथरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली. वस्त्रं मिळणं ही रीत होती, तेव्हा ते ‘फॉर्मली’ पेशवे झाले, यात शंका नाही. ज्या छत्रपतींनी वस्त्रं दिली, ते राज्याचे धनी खरे, पण तोवर ‘नॉमिनली’. मग १७७४ मध्ये नारायणरावांच्या पत्नीला मुलगा झाला. बारभाईंनी त्या तान्ह्या सवाई माधवरावांच्या नावानं वस्त्रं आणली. आता पेशवा पाळण्यात आणि कारभार नाना फडणीस व त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाती, म्हणजे पुन्हा ‘नॉमिनली’च. रघुनाथराव इंग्रजांकडे गेले. १७७५ च्या सुरतेच्या तहात मुंबईकर इंग्रजांनी त्यांचा हक्क ‘ऑफिशियली’ मान्य केला. पण कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारनं हा तह आपल्या परवानगीवाचून झाला म्हणून नामंजूर केला आणि पुढच्याच वर्षी पुण्याच्या कारभाऱ्यांशी पुरंदरचा तह केला. एका कचेरीनं दिलेलं वरच्या कचेरीनं काढून घेतलं. अखेर १७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रजांनी त्यांचा पक्ष सोडला, दरमहा २५ हजार रुपयांची नेमणूक ठरली आणि दादा कोपरगावी येऊन राहिले. पुढच्याच वर्षी, १७८३ च्या डिसेंबरात, ते इथेच वारले. पेशव्यांच्या यादीत त्यांचं नाव आजही छापतात. ते चूक नाही आणि पुरतं बरोबरही नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे इतिहासाचं आणि परीक्षेच्या पेपराचं झालं, आमचं काय अडतं? माझं अडलं होतं. ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीचे एक शेतकरी माझ्याकडे पत्र लिहून घ्यायला आले. त्यांचा मुलगा परदेशात होता. तिकडे त्याला वडिलोपार्जित जमिनीची माहिती इंग्रजीत हवी होती, जमीन विकण्याचा विचार चालला होता. त्यांनी मराठीत मजकूर सांगितला. त्यात एक वाक्य होतं, ‘बहिणीनं वाटा सोडला आहे.’ एवढंच. इंग्रजी जरा भारदस्त व्हावं म्हणून मी त्यात एक शब्द घातला आणि लिहिलं, ‘शी हॅज लीगली गिव्हन अप हर शेअर.’ मूळ वाक्यात असा शब्द नव्हता. तो माझा.

महिन्याभरानं त्यांची बहीण माझ्या दारात उभी. रागावलेली नव्हती. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, ‘सर, तुम्ही पत्रात काय लिहिलंत ते नातवानं मला वाचून दाखवलं. मी भाऊबीजेला ओवाळताना दादाला म्हटलं होतं, मला काही नको, तू सुखी राहा. बोलले ते खोटं नाही. पण मी सही कुठं केलीय?’

मला उत्तर नव्हतं. जमिनीतला हक्क सोडायचा तर लेखी हक्कसोडपत्र करावं लागतं आणि ते दुय्यम निबंधकांच्या कचेरीत नोंदवावं लागतं. ते झालेलं नव्हतं. सात-बारावर नाव फक्त भावाचं होतं, पण सात-बाराची नोंद मुख्यतः महसुलासाठी असते, मालकी तिनं ठरत नाही, असं न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. शिवाय २००५ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती झाली आणि एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क मिळाला. ती दुरुस्ती झाली तेव्हा वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. भावाची बुद्धी वाईट नव्हती. ते समजून चालले होते, की बहीण बोलली म्हणजे झालं. मुलगा समजून चालला, की ‘लीगली’ लिहिलंय म्हणजे कागद झालेला आहे. तो कागद माझ्या एका शब्दानं निर्माण केला होता.

त्याच संध्याकाळी मी भावाला बोलावलं, चूक सांगितली आणि दुसरं पत्र लिहिलं. या वेळी प्रत्येक शब्द ज्या दारातून यायला हवा त्याच दारातून आणला. बहिणीनं वाटा नको असं तोंडी म्हटलं आहे. ‘फॉर्मली’ काहीही झालेलं नाही. ‘ऑफिशियली’, म्हणजे सरकारी दप्तरात, तिचं नाव नाही. ‘लीगली’ तिचा हक्क कायम आहे. भावानं पत्र दोनदा ऐकलं, थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘हेच पाठवा.’ विक्रीचा विचार तेव्हा थांबला. पुढे काय करायचं ते दोघं बहीण-भाऊ बसून ठरवतील, तो त्यांचा प्रश्न. त्या वर्षीच्या भाऊबीजेला बाई नेहमीसारख्या माहेरी गेल्या, एवढं मला ठाऊक आहे.

तेव्हापासून मी मुलांना एक सवय लावतो. ‘ऑफिशियली’ लिहिण्याआधी विचारा, हे कोणत्या अधिकाऱ्यानं सांगितलं? ‘फॉर्मली’ लिहिण्याआधी विचारा, रीत कोणती होती आणि ती पाळली का? ‘लीगली’ लिहिण्याआधी विचारा, कोणत्या कायद्यानं? उत्तर सापडलं नाही, तर तो शब्द गाळा. वाक्याचं काही बिघडत नाही. आणि हे सगळं लक्षात राहिलं नाही, तर त्या बाईंचा प्रश्न तेवढा लक्षात ठेवा, ‘मी सही कुठं केलीय?’ इंग्रजीचं एक अक्षर न शिकलेल्या त्या बाईंनी माझी चूक नेमकी तिथेच धरली होती.